निसर्गातून वाचन-लेखन शिकवणाऱ्या पेट्या: आत काय कामाचं, काय शोभेचं

खेळण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक ठरावीक पेटी हल्ली सर्रास दिसते. झाकणावर भिंगातून पान बघणारं मूल, आत भिंग, चित्रकार्डं, अक्षरांचे ठोकळे, किडे बघायची डबी, पानं दाबायची लाकडी चौकट आणि एक नोंदवही. ‘निसर्गात रमत वाचायला-लिहायला शिका’ असा दावा. कंपन्यांची नावं वेगळी असली तरी आतला माल जवळपास तोच असतो, म्हणून हे परीक्षण एका नावाचं न करता वस्तूगणिक केलं आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही हातात आल्यावर मूल काही वाचतं-लिहितं का, की नुसतं गोळा करतं? गोळा करण्यात वाईट काही नाही, पण मग झाकणावर वाचन-लेखनाचं नाव कशाला?

सुरुवात नोंदवहीपासून, कारण खरं काम तीच करते आणि बहुतेक पेट्यांत सर्वांत कमी विचार तिच्यावरच झालेला असतो. पहिला दोष आखणीचा. इंग्रजी संचावरून बेतलेल्या वह्यांत चाररेघी पानं येतात. चार रेघा इंग्रजी अक्षरांसाठी असतात, ज्यांची शेपटी खाली जाते आणि काठी वर. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार; खाली उकार. चाररेघीत शिरोरेषा नेमकी कोणत्या रेघेवर काढायची हे मुलाला कळत नाही, आणि मग ‘मुंगी’चा उकार खालच्या ओळीतल्या मात्रेवर जाऊन आदळतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दुरेघी हवी: दोन रेघांत किमान दीड सेंटीमीटर, आणि एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत सेंटीमीटरभर मोकळी जागा.

दुसरा दोष तयार कोष्टकांचा. ‘आज मला काय दिसलं? फुलपाखरू ☐ मुंगी ☐ पक्षी ☐’ अशी पानं छापायला सोपी आणि दिसायला गोंडस. मूल दोन मिनिटांत सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करून मोकळं होतं. दिसलेलंही, न दिसलेलंही. वहीत डावं पान कोरं आणि उजवं पान दुरेघी, एवढंच पुरे. कागद शंभर जीएसएमच्या (चौरस मीटरला शंभर ग्रॅम) आसपासचा असावा. त्याहून पातळ कागद ओल्या हाताने आणि खोडरबराने फाटतो. स्पायरलची तार डाव्या पानावर चित्र काढताना मनगटाला लागते, म्हणून दोऱ्याने शिवलेली वही बरी. बाहेर टेबल नसतं, तेव्हा पुठ्ठा टणक हवा. चाळीस कागदांची, म्हणजे ऐंशी पानी वही आठवड्याला एक नोंद धरली तर शाळेचं वर्ष काढते. शंभर कागदांची जाडजूड वही देऊ नये. ती भरत नाही आणि न भरलेली वही मुलाच्या नजरेतून उतरते.

वापरायची रीत पेटीतल्या माहितीपत्रकात सहसा नसते, म्हणून इथे देतो. चार-पाच वर्षांच्या मुलाने डावीकडे चित्र काढावं, मग त्याबद्दल एक वाक्य बोलावं आणि मोठ्या माणसाने ते उजवीकडे जसंच्या तसं लिहावं. ‘मुंगी भित्तीवर चढत व्हती’ असं मूल म्हणालं तर तसंच. मग मुलाने एकेका शब्दाखाली बोट ठेवत ते वाक्य वाचायचं. आपण काय बोललो हे त्याला ठाऊक असतं, म्हणून बोललेला शब्द आणि कागदावरचा शब्द यांची जोडी त्याची त्याला लागते. ‘व्हती’चं ‘होती’ तिथल्या तिथे केलं की बोट आणि तोंड यांचा मेळ तुटतो, आणि पुढच्या वेळी मूल बोलायलाच कचरतं. प्रमाण रूप पुढच्या आठवड्यात मोठ्या माणसाच्या स्वतःच्या वाक्यातून येऊ द्यावं. सहाव्या वर्षी चित्राखाली नाव आणि मुलाने स्वतः लिहिलेलं एक वाक्य. सात-आठ वर्षांना तीन वाक्यं, त्यातलं एक ‘हे कशावरून?’ याचं उत्तर देणारं: ‘हे पान अळीने खाल्लंय, कारण कडेला गोल तुकडे गेलेत.’ शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या एका नोंदीत दोनपेक्षा जास्त नकोत. पूर्ण लाल झालेल्या पानानंतर मुलं फक्त पक्के येणारे शब्द लिहू लागतात. ‘फूल छान आहे. पान छान आहे. झाड छान आहे.’

अक्षरांचे ठोकळे हे पेटीचं सर्वांत देखणं अंग आणि सर्वांत मोठी निराशाही. लाकडी, गोल कडांचे, रंगीत. पण वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर एकदाच. ङ आणि ञ असतात, जे मूल वर्षभर हातात घेणार नाही. आणि ‘चिंच’ लिहायला दोन च लागतात, ते नसतात. ‘ससा’ होत नाही, ‘टिटवी’ होत नाही. चित्रकार्डांत बुलबुल आहे, पण ठोकळ्यांतून बुलबुल लिहिता येत नाही, अशी पेटी घेऊ नये. काही पेट्यांत काना-मात्रा-वेलांटीचे तुकडेच नसतात. त्यांत ‘वड’ आणि ‘पळस’च्या पुढे गाडी जात नाही. याउलट काही ठिकाणी पूर्ण बाराखडी छापलेली असते. शेकडो तुकड्यांतून ‘चि’ शोधण्यात मुलाचा निम्मा वेळ जातो आणि ‘च’ला वेलांटी जोडली की काय होतं हे त्याला कधी कळतच नाही.

याला घरगुती उपाय आहे. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद चार बाय पाच सेंटीमीटर कापायचे. क, ग, च, ट, न, प, ब, म, र, ल, व, स, ळ प्रत्येकी तीन, बाकीची दोन-दोन; काना, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, मात्रा आणि अनुस्वार यांच्या अरुंद पट्ट्या प्रत्येकी चार. शिरोरेषा तुकड्याच्या दोन्ही कडांपर्यंत ओढायची, म्हणजे तुकडे शेजारी ठेवले की शब्दाची रेघ सलग दिसते. लाकडी ठोकळ्यांच्या गोल कडा नेमकं हेच बिघडवतात. ऱ्हस्व वेलांटीपाशी जवळपास प्रत्येक मूल अडतं. ती ऐकू येते अक्षरानंतर, पण बसते अक्षराआधी. मुलाला आधी ‘च’ मांडू द्यावा आणि मग पट्टी डावीकडून आणून चिकटवू द्यावी. आधी वेलांटी मांडायला लावली तर ते उच्चाराच्या उलट जातं आणि मूल नुसतं चित्र पाठ करतं.

शब्दांचा क्रम झाडांनीच लावून दिलेला आहे. आपल्याकडची पहिली वाचनपट्टी पिढ्यान् पिढ्या ‘गमभन’ने सुरू होते, कारण त्या अक्षरांची वळणं एकमेकांतून निघतात. बाहेर पडल्यावर त्याच धर्तीवर आधी बिनकान्याचे शब्द घ्यावेत: वड, गवत, पळस, फणस, कमळ, बदक. मग काना: साग, चाफा, आपटा, ससा, कावळा. मग वेलांट्या: चिंच, चिमणी, टिटवी. मग उकार: मूळ, फूल, बाभूळ, मुंगूस. रोजच्या झाडांच्या मराठी नावांत जोडाक्षरं फार थोडी आहेत, ही मोठी सोय. जोडाक्षर येतं ते एकाचं अनेक करताना. एक मुंगी लिहून झाली की दहा ‘मुंग्या’ मोजाव्याच लागतात, एका चिमणीच्या ‘चिमण्या’ होतात, आणि अर्ध्या अक्षराची गरज मुलाला स्वतःच भासते. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. फूल दीर्घ, फुलं ऱ्हस्व. मूळ दीर्घ, मुळं ऱ्हस्व. बी दीर्घ, बिया ऱ्हस्व. ही जोडी कागदाच्या पट्ट्यांनी मांडली की उकाराची पट्टी बदलताना हाताला कळते.

यावरूनच चित्रकार्डांची परीक्षाही होते. पेटी उघडली की ‘फूल’, ‘मूळ’, ‘बाभूळ’, ‘जांभूळ’ ही कार्डं शोधावीत. तिथे ‘फुल’ आणि ‘बाभुळ’ छापलं असेल तर बाकीच्या कार्डांवरही भरवसा नको. चार वर्षांचं मूल छापील शब्द डोळ्यांत साठवतं आणि तो पुसायला फार वेळ जातो. दुसरी तपासणी झाडांची. ओक, मेपल, लाल छातीचा रॉबिन अशी कार्डं असतील तर तो परदेशी संच नुसता भाषांतरित केलेला आहे. कार्डावरची वस्तू घरापासून दोनशे मीटरांत सापडली पाहिजे. मुंबईच्या सोसायटीतही गुलमोहर, बदाम, कबुतर, कावळा, मुंगी, शेवाळ आणि पावसाळ्यात गोगलगाय असतेच. चांगल्या संचात राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, राज्यपक्षी हरियल आणि राज्यप्राणी शेकरू ही कार्डं असतात. माहितीला ठीक, पण शेकरू दाराबाहेर दिसणार नाही, तेव्हा सुरुवातीला ती बाजूला ठेवावीत.

कार्डांचा मूळ दोष मात्र चांगल्या छपाईनेही जात नाही. नाव आधीच छापलेलं असतं. मूल चित्र बघून ‘पोपट’ म्हणतं, शब्दाकडे बघतच नाही, आणि मोठ्यांना वाटतं, वाचलं. त्यापेक्षा कार्डाचा मागचा कोरा भाग वापरावा. बाहेर ती वस्तू दिसली की मागे आपल्या गावचं नाव लिहायचं. टणटणीला कुठे घाणेरी म्हणतात. दोन्ही नावं लिहिली तर दोन्ही वाचली जातात.

एक गोष्ट आम्हाला कोणत्याच पेटीत सापडली नाही, आणि ती फुकट आहे: आवाज लिहिणं. टिटवी ओरडली की प्रत्येक मुलाने तिचा आवाज आपल्या कानाला लागला तसा लिहायचा. एकाचं ‘टिटिव टिव’, दुसऱ्याचं ‘डिड डी डूइट’. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो, त्याचं ‘पेर्ते व्हा’ आपल्या आज्यांनी केव्हाच लिहून ठेवलंय. या लेखनाला बरोबर-चूक नसतं, त्यामुळे चुकायची भीती असलेलं मूलही लिहितं, आणि कोणत्या ध्वनीला कोणतं अक्षर हा विचार इतका नेटाने दुसऱ्या कुठल्याच स्वाध्यायात होत नाही. नंतर वह्यांची अदलाबदल करून दुसऱ्याने लिहिलेला आवाज मोठ्याने काढायचा. हे वाचनच.

भिंगाच्या बाबतीत छापील आकड्यावर जाऊ नका. सात सेंटीमीटर रुंद भिंगावर ‘१० पट’ लिहिलेलं असतं, ते शक्यच नाही. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाचं नाभीय अंतर (लांबचं दृश्य जिथे स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं भिंगापासूनचं अंतर) अडीच सेंटीमीटर असतं, आणि इतक्या फुगीर काचेचा व्यास सात सेंटीमीटर होऊ शकत नाही. तपासायला सोपं आहे. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीपाशी भिंग धरा आणि बाहेरचं दृश्य भिंतीवर उलटं, स्पष्ट उमटेपर्यंत पुढे-मागे करा. भिंग ते भिंत हे अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा आणि २५ ला त्याने भागा. अंतर १० आलं तर भिंग अडीच पट, ८ आलं तर तीन पट. लहान मुलाला तेवढंच हवं. खरं दहा पटीचं छोटं भिंग डोळ्याला चिकटवून पान अडीच सेंटीमीटरवर आणावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला ते साधत नाही, त्याला फक्त धूसर हिरवं दिसतं. पाच-सहा सेंटीमीटर व्यासाचं, अडीच ते तीन पटीचं भिंग घ्या. प्लास्टिकचं असेल तर कोरड्या रुमालाने पुसू नका. धुळीचे कण चरे पाडतात आणि थोड्याच दिवसांत भिंग पांढुरकं होतं. साबणाच्या पाण्यात बुडवून सुती फडक्याने टिपायचं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे दर वेळी सांगायचं. मार्च-एप्रिलमध्ये वाळक्या गवतावर उन्हात भिंग विसरलं तर आग लागू शकते.

भिंग लेखनाला मदत करतं ते एका अटीवर: बघायच्या आधी प्रश्न हवा. ‘बघ किती छान’ म्हटलं तर मूल बघतं आणि पुढे जातं. ‘पेरूच्या पानाची मागची बाजू आणि पुढची बाजू, फरक शोध’ म्हटलं तर लिहायला काहीतरी मिळतं. पेरू, पिंपळ, आपटा यांच्या शिरा उठावदार असतात. पान शिरा वर करून ठेवायचं, त्यावर साधा झेरॉक्सचा कागद, आणि कागद सोललेला मेणखडू आडवा घासायचा. वहीचा जाड कागद यासाठी चालत नाही. ठसा वहीत चिकटवून त्याखाली ओळी.

किड्यांच्या डबीचं भिंग झाकणात पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे तळावरचा किडाच स्पष्ट दिसतो. तो भिंतीवर चढला की धूसर. डबी बिघडलेली नाही, बनावटच तशी आहे. मुंगी पाच मिनिटं, सावलीत, मग उचलली तिथेच सोडायची. सहा पाय मोजून लिहायचे, कोळ्याचे आठ. केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, गोम आणि विंचू यांना डबीत जागा नाही, हे डबीवरच लिहायला हवं होतं; कुठेच लिहिलेलं नसतं.

पानं दाबायची चौकट दिसते छान, पण पंधरा सेंटीमीटरच्या चौकटीत पळसाचं एक दल (तीन पानांच्या जोडातलं एक पान) नीट मावत नाही, सागाचं तर सोडाच. जुनी वर्तमानपत्रं आणि वर जाड पुस्तकं हे काम जास्त चांगलं करतात. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो ओल शोषत नाही. पहिले तीन दिवस रोज कागद बदलायचा. कोरड्या हवेत पातळ पान आठवड्यात वाळतं, पावसाळ्यात जास्त वेळ लागतो आणि कागद न बदलल्यास बुरशी हमखास. कोरफड, पानफुटी असली मांसल पानं सडतात. तरीही हा उद्योग सोडू नये, कारण त्यातून चिठ्ठी येते: पानाचं नाव, कुठे मिळालं, कधी, कोणी आणलं. चार ओळी, प्रत्येक ओळीला काम. लहान वयात इतकं नेमकं लेखन दुसरीकडे क्वचित घडतं.

‘बिया गोळा करा’ असं माहितीपत्रकात मोघम लिहिलेलं असतं, त्यावर मात्र सक्त हरकत. लाल-काळी गुंज मुलांना हमखास आवडते आणि चावली तर विषारी असते. एरंड आणि धोतऱ्याच्या बियाही तशाच, कण्हेर तर पानाफुलासकट. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नये, खाजकुइलीच्या शेंगेला हात नको, आणि गाजरगवताने कातडीला खाज सुटते. मोजायला आणि मांडायला चिंचोके, सीताफळाच्या बिया आणि खडे पुरतात. पण सीताफळाची बी फोडू किंवा चघळू देऊ नये, तीही विषारी, आणि डोळ्याला तर फारच वाईट.

खडे-पानांवर शिकवणं ही काही नवी कल्पना नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. पेटीच्या किमतीकडे बघताना हे आठवणं बरं.

मग पेटी घ्यावी का? ठोकळ्यांत नेहमीची अक्षरं किमान दोनदा असतील, काना-वेलांट्या सुट्या असतील, कार्डांवर ‘फूल’ दीर्घ असेल आणि वही दुरेघी असेल तर जरूर घ्या. भेट द्यायलाही चांगली. यातल्या दोन गोष्टी जरी नसतील तर सुटी खरेदी बरी: दुरेघी वही, एक भिंग, २बी पेन्सिली (जेल पेन पावसात पसरतं) आणि घरातल्या लग्नपत्रिका. शाळेसाठी घेत असाल तर आठ-दहा मुलांमागे एक पेटी नको, दोन मुलांत एक भिंग आणि प्रत्येकाला स्वतंत्र वही असा हिशेब धरा. भिंगासाठी रांग लागली की वाट बघणाऱ्या मुलांचं लिहिणं थांबतं. फेरी पंधरा-वीस मिनिटांचीच ठेवा, दर आठवड्याला त्याच झाडाखाली, आणि लिहायला परत वर्गात न येता तिथेच बसा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ठोकळे, बिया आणि डबी वरच्या फळीवर.